टक् झाल्याची वेळ

"बोल की. तोंड शिवलंय का तुजं? सकाळधरनं करंट खातीयास आन् हूं न्हाय का चूं न्हाय."

आमचे मालक बॅटरीवर कुरकुरत होते. उकिडवे बसून, डावा कान बुचांवरून फिरवत, ओठातल्या ओठात. मी त्यांच्या मागे हातभर अंतरावर डिस्टिल पाण्याची बाटली घेऊन उभी होते. बॅटरी बोलत होती. नुसती बोलत नव्हती, चुलीवर आधण यावं तशी खदखदत होती. मला ते आतल्या घरात भाकरी थापताना ऐकू आलं होतं, म्हणून तर मी बाहेर आले होते.

"अवो, भरली आसंल ती. बंद करा की," मी म्हटलं.

त्यांनी मान वळवली नाही. मी फिरून समोर गेले तेव्हा दचकले.

"कवा आलीस? आजून तासभर घील ही. कच्ची हाय."

"व्हय का," मी म्हटलं. ते चहाला आत गेले तसं मी चार्जरचं बटण बंद केलं आणि सहाही सेलांत पाणी घातलं. परत आल्यावर त्यांनी बॅटरीच्या अंगाला हात लावून बघितला, मान डोलावली आणि ती भरलेल्यांच्या ओळीत नेऊन ठेवली. तास काही झाला नव्हता. तीन वर्षं आमच्या घरात हे असंच चाललं होतं.

साल एकोणऐंशी. आमचं चार्जिंगचं दुकान अक्कलकोट नाक्यापाशी, पुढे दुकान, मागे घर. दुकानावर नावाची पाटी होती, पण ती कुणी वाचत नसे. ट्रकवाले "कानवाल्याकडं जातो" असंच म्हणत. मालकांनी ते नाव कमावलं होतं. अकलूजचे उसाचे ट्रॅक्टर, मंगळवेढ्याचे लाउडस्पीकरवाले, सगळे बॅटऱ्या खांद्यावर घेऊन आमच्याकडे येत. दुसऱ्या दुकानांत काचेची नळी बुडवून आतल्या ॲसिडाची ताकद मोजत. मालक नुसता कान लावत आणि सांगत, तिसरा सेल मेलाय. उघडून बघितलं तर तिसराच निघे.

मला त्यांनी लग्नानंतर पहिल्या वर्षी शिकवलं होतं. बॅटरी रिकामी असते तेव्हा गप्प असते. भरत आली की लांबून मुंग्या चालल्यासारखी कुजबुजते. मग सहाही सेल एका सुरात उकळायला लागले, की भरली. त्यानंतर तिला करंट द्यायचा नाही. दिला तर आतलं पाणी गॅस होऊन उडतं आणि प्लेटा वाकतात. त्या गॅसला वास नाही, रंग नाही. तो कोपऱ्यात बसून ठिणगीची वाट बघतो. धुळाप्पा ड्रायव्हरनं एकदा गाडीच्या बॅटरीत पाणी किती आहे ते काडी ओढून बघितलं होतं. तेव्हापासून तो एका डोळ्याचा आहे. आमच्या दाराशी आला की विडी आधी गटारात टाकतो आणि मग पाय आत घालतो.

मालकांचे कान मिलनं नेले. बॅटरीच्या धंद्यात येण्याआधी ते सोळा वर्षं मागांवर होते. मिल सुटली, तिचा खडखडाट मात्र कानात राहिला आणि हळूहळू बाकीच्या आवाजांना बाहेर काढत गेला. आधी चिमण्या गेल्या. मग भाजीची फोडणी गेली. मग मी गेले, म्हणजे पाठीमागून बोलणारी मी.

घरात हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि कुणी म्हणायचं नाही. आम्ही त्यांच्या समोर जाऊन बोलायला शिकलो. धाकटा दीर सिद्धनाथ, तिशीचा गडी, पान्याची सगळी कामं तोच करायचा, तो हाक मारण्याऐवजी फळीवर पाना आपटायचा. फळी हादरली की ते वळत. सासूबाई, राजाबाई, आम्ही त्यांना आत्याबाई म्हणत असू, त्या तर हाकच मारेनाशा झाल्या. एकदा ज्वारी निवडता निवडता, मी काही विचारलं नसताना, त्या सुपाकडे बघत म्हणाल्या, "चौदा वर्साचा हुता. मी आठरा सांगितलं आन् हाताला धरून मिलच्या दारात उबा केला." मीही खडे वेचत राहिले.

मी नळी शिकले. माझी शाळा चौथीपर्यंत. नळीच्या डबीतला इंग्रजी कागद मी सिद्धनाथच्या जुन्या पुस्तकाला ताडून ताडून, दोन पावसाळे लावून वाचला. साडेबाराशेचा आकडा म्हणजे भरलेली, साडेअकराशे म्हणजे मेल्यात जमा. दुपारी मालक पडले की मी एकेका बॅटरीत नळी बुडवून बघायची. जी उकळून आटली असेल तिला पाणी, जी अर्धीच काढून ठेवली असेल ती गुपचूप परत चार्जरवर. साड्यांना ॲसिडची भोकं पडली. आत्याबाई ती भोकं बघायच्या आणि दुसरीकडे बघायच्या.

मग वैशाखात पुण्याच्या एका संस्थेचा साहेब आला. तरुण, चष्मेवाला, पहिल्याच दिवशी नाक उन्हानं सोललेला. सोलापुरात ऊन चांगलं पडतं, असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं आणि ते त्याला खरं वाटत होतं. त्यानं आमच्या माळवदावर काळ्या काचेच्या दोन पाट्या बसवल्या, दारासारख्या रुंद, तिरक्या. तिथून तार खाली दुकानात आणली. तार एका लोखंडी पेटीत आणि पेटीतून एका नव्या कोऱ्या बॅटरीत. संध्याकाळी त्या बॅटरीवर दुकानातली ट्यूब लागायची. काही महिने बघायचं, मग खेडोपाडी लावायचं.

आम्ही सगळे पेटीभोवती उभे राहिलो आणि साहेबानं समजावलं.

"पाटी उन्हातून करंट करते आणि फक्त देत राहते. ऊन आहे तोवर देते. बॅटरीचं पोट भरलं का, हे तिला कळत नाही. ते या पेटीला कळतं. बॅटरीचा दाब चौदा व्होल्टच्या वर चढला, की आत टक् असा आवाज होईल. पाटीची तार सुटली. दाब उतरला की पुन्हा टक्, तार जोडली. असं थोडं थोडं दिवसभर. बॅटरी भरलेली राहते आणि उकळत नाही. आणि ट्यूब जाळून जाळून ती फारच उतरली, तर पेटी ट्यूब बंद करते. नाहीतर बॅटरीचा जीव जातो."

"म्हंजी सासूच की ही," आत्याबाई म्हणाल्या. "पोट भरलं की ताट वडायचं, आन् लई राबली की बस म्हनायचं."

त्यातलं पहिलं त्यांना चांगलं जमायचं. दुसऱ्याबद्दल मी काही बोलले नाही.

"पेटीला दिवा नाही, काटा नाही," साहेब म्हणाला. "नमुना आहे. आवाजावरच ओळखायचं. रोज पहिला टक् किती वाजता झाला, तेवढं या वहीत लिहा. म्हणून तर तुमच्याकडे आलो. नाक्यावर ज्याला त्याला विचारलं, सगळे म्हणाले, कान असावा तर मायाप्पांचा."

मालक हसले. ते वाक्य त्यांना ऐकू गेलं की साहेबाचा चेहरा बघून ते हसले, मला आजही सांगता येणार नाही.

वही सुरू झाली. पेटीचा टक् मला आतल्या घरात स्पष्ट यायचा. तो झाला की मी काहीतरी निमित्त काढून दुकानात यायची. बाटली न्यायला, केरसुणी घ्यायला. मालक माझ्याकडे बघत, मग भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत आणि वहीत वेळ लिहीत. दहा पन्नास. अकरा पाच. अक्षर सुरेख होतं त्यांचं. आम्ही दोघांनी यावर एक शब्द कधी काढला नाही. संसारात पुष्कळ गोष्टी अशा चालतात, आणि बऱ्या चालतात.

गणपती उठले आणि दोन दिवसांनी टक् थांबला.

पहिल्या दिवशी वाटलं, भांड्यांच्या आवाजात मला आला नसेल. दुसऱ्या दिवशी मी पेटीजवळ केर काढत बसले. अकरा झाले, बारा झाले. बॅटरी कुजबुजू लागली, मग उकळू लागली, आणि पेटी मुकाट. हात लावला तर बॅटरीचं अंग तापलेलं. आतला टक् करणारा पत्रा चिकटून बसला होता, हे मला फार पुढं कळलं. तेव्हा एवढंच कळत होतं, की पाटी देतच राहिली आहे आणि थांब म्हणणारं कुणी नाही.

मी दुपारी वही उघडली. अकरा दहा, लिहिलेलं होतं. आदल्या दिवशीचंही होतं. अकरा पाच.

मी निमित्त काढून दुकानात आले नव्हते, तरी त्यांनी लिहिलं होतं. वही हातात धरून मी किती वेळ उभी होते कोण जाणे. मग ती होती तिथं, होती तशी ठेवली.

सांगायचं म्हटलं तर काय सांगायचं? पेटी बिघडली म्हटलं की साहेब विचारणार, कधीपासून. मग वही उघडणार. मी आत गेले, कपाटातली मोराची चादर काढली, माळवदावर गेले आणि दोन्ही पाट्यांवर पसरली. खाली आले तोवर बॅटरी शांत होत आली होती.

तीन आठवडे ती पेटी मीच होते. सकाळी ऊन लागू द्यायचं, अकराच्या सुमाराला दुकानातून कुजबुज ऐकू आली की वर जाऊन चादर टाकायची, चारला काढायची. संध्याकाळी ट्यूब लागायची. नळीत आकडा साडेबाराशे. बॅटरी ठणठणीत, वही नीटनेटकी. मला थोडा अभिमानही वाटू लागला होता, हे लपवत नाही.

एक दिवस चादरीचे कोपरे विटांनी दाबत होते, तर सिद्धनाथ जिन्याच्या तोंडाशी उभा.

"वैनी, पाटीला थंडी वाजती का?"

"कबुतरं घाण करत्यात."

"आन् ती घड्याळ बघून आकरालाच येत्यात व्हय?"

मी वीट ठेवली. तो जवळ येऊन बसला.

"पेटी गेलीया न्हवं?"

"मला काय कळतंय त्यातलं."

"तुमाला कळतंय. मलाबी कळतंय. सायबाला कार्ड टाकलं तर दुसरी पेटी घिऊन यील."

"आन् वही? वहीत रोजचा टक् लिवलाय, त्येचं काय करायचं?"

तो खाली रस्त्यावर बघत राहिला.

"तूच सांग की आण्णाला," मी म्हटलं. "तू भाऊ हायस."

"मी? वैनी, मी सांगितलं की नाक्यावर काय म्हनतील? धाकट्यानं थोरल्याला उटवून गल्ल्यावर बूड टेकलं." मग म्हणाला, "तुमी बायकू हाय."

"म्हणून तर."

त्यानं उठता उठता दुसऱ्या बाजूचा कोपरा विटेनं दाबला. "वारं सुटलंय. उडंल न्हायतर," म्हणाला आणि खाली गेला. त्या दिवसापासून आम्ही दोघं झालो.

नवरात्र बसलं. अष्टमीला साहेबाचं कार्ड आलं, खंडेनवमीला येतो, पाट्यांचे फोटो घ्यायचे आहेत, आणि एक आनंदाची बातमी आहे.

आमच्याकडे खंडेनवमीची पूजा मोठी. आदल्या संध्याकाळी सगळी हत्यारं धुऊन पुसून फळीवर मांडायची: चार्जर, पाने, पक्कड, काचेची नळी. एकदा मांडली की दसरा उजाडेपर्यंत कुणी हात लावायचा नाही. वर्षभर राबतात, एक दिवस त्यांचा. त्या वर्षी मालकांनी साहेबाची नवी बॅटरीही पूजेत घेतली. फळीच्या शेवटी पाटावर मांडली, पेटी शेजारी. बुचांवर आत्याबाईंनी हिरवा खण पसरला, वर झेंडूची माळ. त्या संध्याकाळी ट्यूबही लावली नाही. पूजेत बसलेल्याला कामाला कसं जुंपायचं? भरलेली बॅटरी भरलेलीच राहिली.

मी म्हटलं, "वरनं आलेली तार तेवढी सोडवून ठिवा की. पूजाच हाय तर पाटीलाबी इसावा."

मालकांनी माझ्या तोंडाकडे नीट बघितलं. "सायेब चालू दशेत फोटो घ्येणार हाय. कार्डात लिवलंय."

आणि पाने मांडून झाले होते. तार सोडवायला पाना लागतो.

सकाळी सव्वादहाला साहेब एस्टीनं आला आणि सरळ माळवदावर गेला. पाट्यांना आत्याबाईंनी हळदकुंकू लावलं होतं, ते बघून तो खूश झाला. एक फोटो इकडून, एक तिकडून. अकरा वाजले. मी चादर घेऊन वर गेले, आणि तो कॅमेऱ्यातून बघत म्हणाला, "वहिनी, सावली पडतेय, जरा बाजूला. चादर वाळत घालताय?"

"व्हय," मी म्हटलं आणि कठड्यावर टाकली.

बारा वाजता तो खाली आला. मला वाटलं, आता तरी जिना मोकळा झाला. पण स्वयंपाकघरात पुरण चुलीवर, आत्याबाईंचा उपास, नैवेद्याला मी एकटी. तेवढ्यात बाहेरून हाक आली, बातमी ऐकायला या म्हणून.

साहेबानं पत्र मोठ्यानं वाचलं. दिवाळीनंतर मैंदर्गीच्या दवाखान्यावर पाट्या बसणार, मंगळवेढ्याच्या शाळेवर बसणार, आणि दोन्हीकडची देखरेख श्री. मायाप्पा यांच्याकडे. मालक आमच्या तोंडांकडे आळीपाळीनं बघत होते आणि आम्ही हसलो तसे हसत होते. मग त्यांनी पत्र हातात घेतलं, दोनदा वाचलं आणि चार्जरसमोर ठेवून वर एक फूल ठेवलं.

"तुम्ही दर महिन्याला पाठवता ती वहीची नक्कल," साहेब म्हणाला, "आमच्याकडे सगळ्यांना दाखवली. पाच महिने, एक दिवस चुकला नाही. लोकांना खरं वाटत नाही."

सिद्धनाथनं माझ्याकडे बघितलं. मी आत जाऊन पुरण ढवळलं. खाली लागलं होतं.

एक वाजता आरतीची घाई सुरू झाली. वाऱ्यानं लांब दारापाशी ठेवलेली समई जाईल म्हणून आत्याबाईंनी दुकानाच्या फळ्या लावून घेतल्या होत्या. नैवेद्याचं ताट घेऊन मी दुकानात पाऊल टाकलं आणि घशाला झोंबलं. ॲसिडचा तो ओळखीचा चरचरीत वास, पण इतका दाट कधी नव्हता. सिद्धनाथच्या हातात घंटा, धुळाप्पा ड्रायव्हर झांज घेऊन, साहेब टाळ्या वाजवत. बंद खोलीत आवाज नुसता कोंबून भरला होता. मालक हातात ताट धरून फळीच्या त्या टोकाला. ताटात कापूर, चांगला चार बोटं उंच पेटलेला.

मी बॅटरीकडे बघितलं. खण हलत होता. सहा जागी, सहा बुचांवर, कापडाखाली काही जिवंत असावं तसा थरथरत होता, आणि त्या सहाही जागा ओल्या झाल्या होत्या.

तो वारा नव्हता. वारा तर आम्ही कोंडून बाहेर ठेवला होता.

"थांबा," मी म्हटलं. आरतीत ते कुणाला ऐकू गेलं नाही. चार्जरला ओवाळून झालं. ताट पान्यांवर आलं. मी सिद्धनाथच्या दंडाला धरलं आणि खणाकडे बोट केलं. त्याला दिसलं. पण त्याचा हात घंटा वाजवत राहिला, जणू थांबवायचं कसं ते त्या हाताला माहीत नव्हतं. आत्याबाईंनी माझ्याकडे बघून मान हलवली. आरती मध्ये तोडू नये. ताट नळीवर आलं. पुढं फक्त बॅटरी होती.

मी नैवेद्याचं ताट खाली ठेवलं, की पडलं, आठवत नाही. दोन पावलांत त्यांच्यापाशी गेले आणि पेटत्या कापरावर तळवा दाबला.

भाजल्याचं मला नंतर कळलं. आरती एकेक करून थांबली. आधी टाळ्या, मग झांज, शेवटी घंटा.

"काय केलंस हे?" मालक म्हणाले. रागावण्यापेक्षा ते घाबरले होते. खंडेनवमीची आरती बायकोच्या हातानं विझली होती, घरात, पाहुण्यांसमोर.

"बॅटरी," मी बोट दाखवून म्हटलं. "उकळतीया. गॅस झालाय."

माझे ओठ त्यांनी वाचले. मग साहेबाकडे वळून, ऐकू न येणारी माणसं बोलतात तसं मोठ्यानं म्हणाले, "सायेब, हिला काय कळतंय. टक् झालाय. आकरा धाला. मी सोता ऐकलाय, वहीत लिवलंय बघा."

फळ्या लावलेल्या त्या खोलीत आता घंटा नव्हती, झांज नव्हती, आणि जो आवाज उरला होता तो सगळ्यांना ऐकू येत होता. खदखद, खदखद, सहा तोंडांनी. साहेब खणाकडे बघत होता. धुळाप्पाचा हात आपोआप त्याच्या मेलेल्या डोळ्यावर गेला. आत्याबाईंनी पदराचा बोळा तोंडात धरला.

मालकांनी बॅटरीवर मान झुकवली, डावा कान खणाजवळ नेला, आणि हसून म्हणाले, "बघा. कशी गप हाय. पोट भरून निवांत बसलीया."

साहेबाचं तोंड उघडलं. तो वहीकडे बघू लागला, मग मालकांकडे, मग परत वहीकडे. त्याला समजलं होतं. सगळ्यांनाच समजलं होतं, सगळे खाली बघत होते. एका माणसाला त्याच्या घरात, त्याच्या पूजेच्या दिवशी, त्याच्या पत्रावर फूल असताना कोण काय म्हणणार?

"सिद्ध्या, काडी दे," मालक म्हणाले. "आरती आर्धी ऱ्हाऊ न्हाय."

सिद्धनाथ हलला नाही. तेव्हा त्यांनीच ताटातली काड्यापेटी उचलली.

"मायाप्पा," आत्याबाई मागून म्हणाल्या. मग मोठ्यानं, "मायाप्पा, नगं रं." आईनं मागून हाक मारली आणि ते वळले नाहीत. त्यांनी काडी काढली.

मी त्यांची मूठ दोन्ही हातांनी धरली, काडी, पेटी, सगळ्यासकट. ते सोडवून घेऊ लागले. हात बॅटऱ्या उचलणारे होते, माझ्यानं फार वेळ धरवले नसते. मला त्यांच्या कानाशी लागून हळू सांगता आलं असतं, एकट्यांना, तर ते मी तीन वर्षांपूर्वीच सांगितलं असतं. पण हळू सांगितलेलं त्यांच्यापर्यंत पोचत नव्हतं. त्यांना पोचेल एवढं सांगायचं म्हणजे अक्कलकोट नाक्याला सांगायचं.

मी त्यांच्या तोंडासमोर तोंड नेलं, त्यांचे डोळे माझ्या ओठांवर येईपर्यंत थांबले, आणि माझ्या छातीत होता नव्हता तेवढा आवाज काढला.

"अवो, ती उकळतीया. समद्यांना ऐकू येतंय. तुमाला ऐकू येत न्हाय."